द्यूतप्रतिपदा आणि अक्षहृदय

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, म्हणजेच दीपावलीच्या पाडव्यास, द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. रोह्यातही ओवाळणी आटोपली की एखाद्या ओसरीवर पत्त्यांचा डाव मांडला जातो. अशा वेळी आम्हांस महाभारतातील नलाख्यानाचे स्मरण होते.

द्यूतात राज्य गमावलेला नल ‘बाहुक’ या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याची पाने व फळे नुसत्या नजरेने सांगितली. नलाने ती मोजून पाहिली, तो संख्या जुळली! अश्वविद्येच्या मोबदल्यात त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म लाभले.

आजचे अक्षहृदय काय सांगते? बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत तिन्ही सारखी पाने केवळ ५२ संचांत. सरासरी ४२५ डावांत एकदा. प्रत्येक डावास पत्ते नव्याने पिसले जात असल्यास गेलेली पाने स्मरून लाभ नाही. ब्लॅकजॅक या परदेशी खेळात तो होतो, हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ साली ग्रंथाद्वारे दाखविले. परंतु तो लाभ शेकडा सुमारे एकच! दहा रुपयांचे शंभर डाव खेळल्यास अपेक्षित प्राप्ती दहा रुपये. सहज संभवणारा चढउतार मात्र शंभराहून अधिक.

म्हणून पाडव्याचा डाव मांडलाच तर तो कवड्यांवर मांडावा. आदल्याच सायंकाळी पूजिलेली लक्ष्मी पणास लावू नये.