निम्झोवित्चची नाकेबंदी

बुद्धिबळात थोडीफार गती असलेला खेळाडू एका विवक्षित पायरीवर येऊन अडतो. डावाच्या आरंभीच्या चाली त्याला मुखोद्गत असतात, एखादी सोंगटी फुकट मिळत असेल तर तीही तो सोडत नाही, परंतु दोन्ही फौजा निमूटपणे समोरासमोर उभ्या राहिल्या, म्हणजे पुढे काय करावे याचा त्याला काही केल्या उलगडा होत नाही. अशा खेळाडूला जाणती मंडळी अजूनही ज्या ग्रंथाकडे बोट दाखवतात तो 'माय सिस्टिम', रीगा येथे १८८६ साली जन्मलेल्या आणि पुढे कोपनहेगनला स्थायिक झालेल्या आरोन निम्झोवित्च या मानी गृहस्थाने मूळ जर्मनमध्ये लिहिला व १९२५ साली प्रसिद्धीस आणला.

त्या काळी डॉ. टॅराश यांचा शब्द प्रमाण मानला जाई आणि पटाचा मध्यभाग प्याद्यांनी व्यापावा असा त्यांचा दंडक होता. मध्यभागावर अंमल दुरून, उंट-घोड्यांच्या धाकानेही बसवता येतो, हे निम्झोवित्चचे त्यावर उत्तर. पण माझ्या मते ग्रंथाचे खरे धन नाकेबंदीच्या प्रकरणात आहे. शत्रूचे एखादे प्यादे वाट मोकळी होऊन वजीर होण्यास निघाले, तर त्याच्या अगदी पुढ्यातल्या घरात घोड्याचे ठाणे बसवावे. घोडा उडी घेणारा असल्याने तेथूनही त्याचा मारा चालू राहतो, आणि मागून येणाऱ्या हत्तीपासून ते शत्रूचे प्यादेच त्याला आडोसा देते! एकाच सोंगटीचा किती बाजूंनी होणारा हा उपयोग!

अत्यंत मोक्याच्या घराला गरजेहून अधिक सोंगट्यांचा पहारा द्यावा, हा त्याचा सिद्धांत मात्र मला अतिरंजित वाटतो, आणि आपल्या शोधांविषयी तो ज्या ऐटीत बोलतो ती पाहून हसू येते. तथापि कार्ल्सबाडच्या १९२९ सालच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला मागे टाकून पहिला आलेल्या माणसाला ऐट थोडीफार माफ करावी.

हा ग्रंथ आरामखुर्चीत वाचण्याचा नव्हे. पट मांडावा, पुढची चाल कागदाने झाकावी, आपली चाल टिपून ठेवावी आणि मगच कागद सरकवावा. एक प्रकरण झाले की आपल्या हरलेल्या डावांचे दप्तर काढून तेच तत्त्व तेथे कोठे हुकले याची झडती घ्यावी.

त्यातला झेमिशविरुद्धचा १९२३ सालचा कोपनहेगनचा डाव तर याच रीतीने पाहावा. काळ्या सोंगट्या घेऊन खेळणारा आणि दोन प्याद्यांच्या मोबदल्यात घोडा देऊन बसलेला निम्झोवित्च पंचविसाव्या चालीला हत्तीच्या पुढचे प्यादे केवळ एक घर सरकवतो, आणि झेमिश राजीनामा देतो. का, हे टीपा न वाचता शोधावे: पांढऱ्याचा घोडा उठला की प्यादे त्याला खाते; वजिराकडचा उंट मागे सरला तर तोच घोडा उघडा पडून मारला जातो; राजाकडचा उंट मागे गेला तरी काळा उंट त्याला टिपतो; आणि राजा एक घर पुढे आला तर काळा हत्ती पुढे सरकतो व वजीर कोंडला जातो. उरतात त्या प्याद्यांच्या चार-दोन चाली, आणि त्या संपण्याची वाट पाहण्यापलीकडे काळ्याला काही करावे लागत नाही.