धसका आणि हृदय

मुरुम, उमरगा, सास्तूर या भागातल्या जुन्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि जवळजवळ १०,००० माणसे दगावली. अशा आघातानंतर एखाद्याने 'धसका घेतला', 'हाय खाल्ली' असे आपण म्हणतो. तेव्हा हृदयात नेमके काय होते?

जानेवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला, त्या दिवशी तिथे हृदय अचानक बंद पडून झालेले मृत्यू नेहमीच्या सुमारे पाचपट होते. २००४ साली जपानमधील नीगाता येथील भूकंपानंतर तर एका वेगळ्याच आजाराचे रुग्ण वाढले. त्याचे नाव ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके : तळ फुगीर, गळा अरुंद. जपानी डॉक्टर सातो आणि सहकाऱ्यांनी हे नाव १९९० साली दिले. छातीत कळ, दम लागणे, बिघडलेला ईसीजी, रक्तात वाढलेले ट्रोपोनिन, सगळे झटक्यासारखेच! पण अँजिओग्राफी केली तर या बिघाडाला कारण ठरेल असा अडथळा रक्तवाहिनीत सापडत नाही. डाव्या जवनिकेचे टोक मात्र फुगून निपचित पडलेले असते, आणि वरचा भाग जोराने आकुंचन पावत असतो. म्हणून तो मडक्याचा आकार.

घाबरल्यावर ॲड्रेनॅलिन स्रवते आणि ठोके वाढतात, हे आपण वर्गात शिकवतो. या रुग्णांत ते प्रमाणाबाहेर वाढलेले आढळते. हृदयाच्या टोकाकडील पेशींवर त्याचे ग्राहक जास्त असतात. अतिमात्रा झाली की तेच ॲड्रेनॅलिन तिथले आकुंचन थोपवते, असे एक स्पष्टीकरण आहे. आम्हाला ते पटण्याजोगे वाटते, पण १० पैकी ९ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा पाळी गेलेल्या, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. काही जण मात्र पहिल्या दिवसांतच दगावतात. आणि धसक्याने खराखुरा झटकाही येतो, ही यातली खरी अडचण. 'दुःखाने झालंय, जरा पडू द्या तिला' हा निवाडा घरातल्यांनी करू नये. नुसता ईसीजी पाहून तो तज्ज्ञालाही खात्रीने करता येत नाही. अँजिओग्राफी होईपर्यंत झटका आहे असेच धरून चालायचे. मुरुमहून सोलापूर गाठायला वेळ लागतो, तेव्हा १०८ ला फोन आधी, विचारपूस नंतर.