विश्लेषण : उसात सापडलेला बछडा घरी वाढवला, तर पुढे त्याचे काय होते?

ऊसतोड सुरू झाली की खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर तालुक्यांतून दर हंगामात तेच फोटो मोबाइलवर येऊ लागतात. फडाच्या कडेला एक क्रेट, त्यात डोळे किलकिले करून बसलेले दोन-तीन बछडे आणि भोवती गर्दी. चाकण एमआयडीसीच्या कुंपणापासून असे फड फार लांब नाहीत. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला, की ‘वन खात्याला कशाला कळवता, आम्ही सांभाळतो’ म्हणणारा एखादा तरी निघतोच. त्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण दूध पाजून मोठा केलेला बिबट्या जंगलात परत जात नाही, तो पिंजऱ्यात जातो. आणि पिंजऱ्यातला बिबट्या २० वर्षांपर्यंत जगू शकतो.

बछडे उसातच का सापडतात?

आडोसा, पाणी आणि खाद्य या तिन्ही गोष्टी उसात आहेत. कुत्री, डुकरे, शेळ्या जवळच मिळतात. मादीसाठी पिल्ले घालायला दाट फडाइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, निदान कोयता पडेपर्यंत तरी. उत्तर पुणे जिल्ह्यात बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि वाढल्या आहेत. कारखानदारीही याच पट्ट्यात पसरली. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझ प्रकल्पात बिबट्या शिरला होता. काही तासांच्या प्रयत्नांनंतर त्याला पकडून माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेण्यात आले. चाकण हा जुन्नर वन विभागाचाच भाग असल्याने या भागातल्या बिबट्यांचा रस्ता बहुधा माणिकडोहकडेच जातो.

माणसाचा हात लागला तर आई पिल्लाला घेत नाही, हे खरे का?

नाही. हा समज कुठून आला कोण जाणे, पण गावोगावी पक्का आहे आणि त्यानेच सर्वाधिक नुकसान होते. ‘आता आई घेणारच नाही’ असे मानून लोक बछडा घरी नेतात.

प्रत्यक्षात काय होते, हे जुन्नर परिसरात वारंवार कॅमेऱ्यात टिपले गेले आहे. वन विभाग आणि माणिकडोह केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून आई-पिल्लांची पुनर्भेट घडवतात. बछडा मिळाल्याचे कळताच पशुवैद्यक येतात. जखमा, गोचिडी, अंगातले पाणी तपासतात, नर की मादी ते पाहतात, गरज असेल तर उपचार करतात. ओळखीसाठी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवली जाते. दिवस मावळताना बछड्यांना हवा खेळेल अशा खोक्यात घालून, जिथे सापडले नेमक्या त्याच जागी ठेवले जाते. आजूबाजूला कॅमेरे लावून माणसे लांब जातात.

मग वाट पाहायची. मादी बहुधा जवळपासच असते. अंधार पडल्यावर ती येते, खोक्याभोवती फिरते, वास घेते, पंजाने खोके आडवे करते आणि मानेला धरून एकेक बछडा उचलून नेते. कधी पहिल्या रात्री येत नाही. मग बछड्यांना पुन्हा आणून, खाऊ घालून दुसऱ्या रात्री तोच प्रयोग केला जातो. अशा रीतीने आजवर शंभराहून अधिक बछडे आईकडे परत गेले आहेत.

या सगळ्यात कळीचे आहेत ते पहिले काही तास. बछडे मोटारसायकलवरून दुसऱ्या गावी नेले, सेल्फीसाठी घरोघरी फिरवले, की नेमकी जागा सांगणारा माणूसच सापडत नाही. शिवाय पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात घिरट्या घालत राहते. म्हणजे एका घराने दाखवलेल्या मायेचा धोका साऱ्या वस्तीला.

घरी ठेवले तर बिघडते काय?

सुरुवात दुधापासून होते. गायीच्या दुधाने बछड्याला जुलाब लागू शकतात आणि एवढ्याशा जिवाला तेवढे पुरते. त्यातून वाचला, तर हाडाविना नुसते चिकन-मटण दिले जाते. त्यात कॅल्शियम कमी पडून वाढत्या वयात हाडे वाकतात, मोडतात. बाहेरून गुबगुबीत दिसणारा बछडा आतून पोकळ झालेला असतो.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बछडा साधारण दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहतो. शिकार कशी करायची, कुठे लपायचे, आणि मुख्य म्हणजे माणसापासून लांब कसे राहायचे, हे तो या काळात शिकतो. घरात वाढलेला बछडा नेमके उलटे शिकतो : माणूस दिसला की खायला मिळते.

पण मोठा झाल्यावर जंगलात सोडायला काय हरकत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर जुन्नरनेच महागात शिकले आहे. २००१ नंतर इथल्या उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. हे सगळे जंगली बिबटे होते, पाळलेले नव्हते. तरीही विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले २००१ ते २००३ या काळात सरासरी १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला जंगली बिबट्याही बिथरतो. मग माणसाची भीतीच नसलेला, शिकार न येणारा बिबट्या सोडला तर तो वस्तीकडेच येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेल्यानंतर तर अशा प्रयोगाची परवानगी मागायलाही कोणी धजावणार नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे. असा प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्याशी संबंधित गुन्ह्यांना किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

बिबट्या पाळणारे तसे विरळाच. पण हाच कायदा रानमांजर, उदमांजर, माकड, मोर, कासव आणि पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी गॅलऱ्यांतल्या ‘मिठू’लाही लागू आहे. आपला देशी पोपट २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आला आहे. तो पिंजऱ्यात ठेवणे गुन्हाच आहे, शेजारी काहीही म्हणोत.

लळा लागला असेल तर?

इथे कायदा सोपा आहे, माणूस अवघड आहे. उत्तर प्रदेशातील अमेठीच्या एका तरुणाने २०२२ मध्ये पाय मोडलेल्या सारसावर उपचार केले. बरा झालेला सारस उडून न जाता त्याच्या दुचाकीमागे उडू लागला. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने पक्षी रायबरेलीच्या समसपूर अभयारण्यात नेला. तो तिथे थांबला नाही, बाहेर पडून जवळच्या गावात माणसांत जाऊन पोहोचला. शेवटी त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. एप्रिलमध्ये तो तरुण भेटायला गेला, तेव्हा जाळीआडच्या सारसाने पंख फडफडवत केलेली तगमग देशभर पाहिली गेली. त्या व्हिडिओवरून वन विभागाला दोष देणे सोपे होते. पण मोकळे आकाश समोर असताना पक्षी माणसांकडेच का गेला, हा प्रश्न त्याहून टोचणारा आहे.

महाराष्ट्राने हीच घालमेल जुलै २०२५ मध्ये अनुभवली. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठात १९९२ पासून असलेली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारात गेली. निरोप द्यायला गाव लोटले, बायाबापड्या रडल्या, मग मोर्चे निघाले. तिचे पायाचे आजार, सांधेदुखी आणि एकटेपणा हे मुद्दे न्यायालयासमोर होते. गावासमोर तिच्यासोबतची तीन दशके होती. दोन्ही खरे होते. ऑगस्टमध्ये वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे केला, तो या भावनेची दखल घेऊनच.

प्राणी सोपवताना काय करावे?

वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. पुण्यात बावधनला जखमी वन्यप्राण्यांसाठी वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचे उपचार केंद्र आहे. नुकताच सापडलेला बछडा असेल तर त्याला हलवू नये, काही पाजू नये, गर्दी हटवून जागा लक्षात ठेवावी.

काही दिवस किंवा महिने सांभाळलेला प्राणी असेल, तर भीतीपोटी रात्री रस्त्याकडेला सोडून देणे हा सर्वांत वाईट मार्ग. तो सोपवताना खरी माहिती द्यावी : कुठे आणि कधी सापडला, काय खातो, किती वाजता खातो, घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या संपर्कात आला का, कुठली लस किंवा औषध दिले. घरच्या जनावरांचे आजार केंद्रातल्या इतर प्राण्यांना लागू शकतात, म्हणून त्याला आधी वेगळे ठेवले जाते. तो ज्या गोधडीवर झोपत होता ती सोबत द्यावी का, हेही विचारावे. ओळखीच्या वासाने नव्या जागेतले पहिले दिवस प्राण्याला थोडे सुसह्य होऊ शकतात. भेटायला मात्र लगेच जाता येत नाही.