पडद्यावरचा जवान : दूरचित्रवाणीचे अनुबोधपट आणि सैनिकी जीवन

सैनिकाचे जीवन ही नागरिकास सहज पाहावयास मिळणारी गोष्ट नव्हे. शेतकऱ्याचे शेत रस्त्यावरून दिसते, कारागिराचे दुकान बाजारात असते, शिक्षकाच्या वर्गात तर आपण स्वतः दहा वर्षे बसलेलो असतो; छावणी मात्र कुंपणाआड असते आणि सीमा शेकडो कोस दूर. ज्या घरातील कोणी फौजेत गेलेले नाही, त्या घराचे सैनिकाविषयीचे ज्ञान बहुतांशी ऐकीव असते. पूर्वी ते पोवाडे, बखरी आणि वर्तमानपत्रे यांतून येई. गेल्या चार-पाच दशकांत ते मुख्यत्वे दूरचित्रवाणीतून येऊ लागले. ह्या माध्यमातील अनुबोधपट सैनिकी जीवन लोकांपुढे कोणत्या रीतीने मांडतात आणि त्या मांडणीतून काय निसटून जाते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या विचारास रायपूर हे ठिकाण सोयीचे आहे. छत्तीसगडात मराठी माणूस आला तोच मुळी फौजेच्या पाठोपाठ. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आल्या, पुढे बिंबाजी भोसल्यांचा अंमल बसला, आणि त्या काळापासून, व नंतर मध्य प्रांताच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने, अनेक कुटुंबे ह्या भागात स्थिरावली. आज चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तेथे गणेशोत्सव होतो, नाटके होतात, मराठी बोलले जाते. परंतु ज्या फौजेमुळे आपण येथे आलो, तिच्याशी ह्या वस्तीचा संबंध आता बव्हंशी पडद्यापुरता उरला आहे. याउलट सातारा जिल्ह्यातील अपशिंगे घ्या. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जणांची स्मृती तेथे जतन केलेली आहे. अशा गावात सैनिक म्हणजे रजेवर आलेला काका, पेन्शनीसाठी तालुक्याला खेपा घालणारे आजोबा, गुडघेदुखीची तक्रार करणारा शेजारी. तेथील माणसास अनुबोधपट पाहताना तो स्वतःच्या माहितीशी ताडून पाहता येतो. चौबे कॉलोनीतील प्रेक्षकास ते शक्य नसते. पडद्यावर दिसेल तेवढीच त्याची फौज.

सैन्य आणि चलच्चित्र यांचे आपल्याकडील नाते दूरचित्रवाणीहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश सरकारने 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' स्थापन केले ते लोकांचे मन युद्धप्रयत्नांकडे वळविण्यासाठी, आणि त्याचे प्रमुख निर्माते म्हणून काही काळ व्ही. शांताराम यांनी काम केले. पुढे १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी तिचे वृत्तपट व अनुबोधपट दाखविणे बंधनकारक असल्यामुळे संचलन, बर्फातील चौक्या, पूरग्रस्तांना होडीतून काढणारे जवान ही दृश्ये खेड्यापाड्यांतील तंबूंपर्यंत पोहोचली. त्यांचे निवेदन मराठीतूनही होत असे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती दुर्मिळ झाली.

दूरचित्रवाणी रायपूरच्या परिसरात आली ती एका विलक्षण क्रमाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूरचा भाग होता. म्हणजे शहरातील बंगल्यांच्या आधी भोवतालच्या खेड्यांतील सामूहिक संचांवर चित्रे उमटली. १९८२ मध्ये दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर प्रजासत्ताक दिनाचे संचलन घरोघर पोहोचले. १९८८ मध्ये चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका आणि १९८९ मध्ये 'फौजी' ही मालिका लोकप्रिय झाली. ह्या दोन्ही नाट्यरूप होत्या, अनुबोधपट नव्हेत; पण घरच्या संचावर सर्व काही एकाच काचेतून दिसत असल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात हा भेद फार काळ टिकत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धाने तिसरा प्रकार आणला : पर्वतावर तोफा डागल्या जात असतानाची दृश्ये थेट बातम्यांत. त्यानंतर खाजगी वाहिन्यांच्या अनुबोधपटांचा ओघ सुरू झाला.

असा अनुबोधपट तयार कसा होतो, हे समजल्यावाचून त्याचे स्वरूप नीट कळणार नाही. लष्करी स्थळी परवानगीवाचून चित्रण करता येत नाही. परवानगी मिळाली म्हणजे कोठे जावयाचे, कोणास भेटावयाचे, कोणते यंत्र जवळून दाखवावयाचे हे सैन्याच्या संमतीने ठरते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तयार चित्रपट पाहिला जातो. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने तर असे कळविले की, सैन्यविषयक चित्रपट, अनुबोधपट वा मालिका दाखविण्यापूर्वी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. ह्यात गैर काय, असा प्रश्न कोणी करील. शत्रूस उपयोगी पडेल असे काही प्रकट होऊ नये हे रास्तच आहे. परंतु परिणाम असा होतो की, ज्या संस्थेचे वर्णन करावयाचे तीच वर्णनाची यजमान ठरते. यजमानाच्या घरी जेवून आलेला पाहुणा स्वयंपाकाविषयी खोटे बोलेलच असे नाही. पण माजघरात त्याला नेलेले नसते, एवढे ध्यानात घ्यावे लागते.

यजमान कोणती दालने उघडतो? मुख्यत्वे प्रशिक्षणाची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीवर १९९० च्या दशकात निघालेला 'द स्टँडर्ड बेअरर्स', चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतील स्त्री छात्रांवरील 'विमेन ऑफ ऑनर' (२०१८), आणि आपल्या सीमाभागातील बेळगावच्या कमांडो प्रशिक्षण शाळेवरील 'ब्रेकिंग पॉइंट' (२०१८), ह्या साऱ्यांचा विषय शिक्षणकाळ हाच आहे. ह्याचे कारण केवळ गोपनीयता नव्हे. प्रशिक्षणास मुळातच कथेचा घाट असतो. अनोळखी तरुण येतात, केस कापले जातात, पाय रक्ताळतात, कोणी गळतो, कोणी तगतो, अखेरीस बिल्ला वा तारा मिळतो आणि आईवडिलांचे डोळे भरून येतात. आरंभ, संकट आणि पूर्ती हे सर्व काही आठवड्यांत व एकाच आवारात घडते. चित्रणकर्त्यास याहून सोयीचे काय असणार?

बेळगावच्या पटात आणखी एक युक्ती आहे. सैनिक नसलेला एक तरुण सूत्रधार अधिकाऱ्यांसमवेत स्वतः ते प्रशिक्षण घेतो. तो आपला प्रतिनिधी असतो. त्याचा श्वास फुलतो तेव्हा आपला फुलतो, तो चिखलात पडतो तेव्हा आपण सोफ्यावर पाय आखडून घेतो. ही योजना परिणामकारक आहे, आणि शारीरिक कष्टांची जाणीव करून देण्यात ती निबंधापेक्षा कितीतरी पुढे जाते, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिच्यामुळे सैनिकी जीवन म्हणजे देहाची कसोटी, असे समीकरण बनते. सूत्रधार चित्रणानंतर घरी जातो. त्याला पुढची वीस वर्षे बदल्या, हजेऱ्या आणि रजेचे अर्ज यांत काढावयाची नसतात.

हाच विषय वेगळ्या रीतीने हाताळता येतो, याची उदाहरणे परदेशी आहेत. फ्रेडरिक वाइजमन यांनी 'बेसिक ट्रेनिंग' (१९७१) ह्या पटात अमेरिकेतील फोर्ट नॉक्स येथील रंगरूटांचे शिक्षण एका शब्दाचेही निवेदन न करता दाखविले. निवेदक नाही म्हणजे कौतुक कोठे करावे आणि धसका कोठे घ्यावा, हे सांगणारा कोणी नाही. बीबीसीच्या 'सेलर' (१९७६) ह्या मालिकेत 'आर्क रॉयल' ह्या विमानवाहू जहाजावरील खलाशांचा कंटाळा, दारू आणि घरची ओढ ही कवायतीइतकीच जागा घेतात. ह्या दोन्हींनाही सैन्याची परवानगी होतीच. यावरून दिसते की, दोष सर्वस्वी परवानगीच्या माथी मारता येत नाही. बराचसा भार निवेदनावर आणि संगीतावर पडतो. आपल्याकडे नगारे वाजले नाहीत असा सैनिकी अनुबोधपट सापडणे कठीण.

उलट टोकाचे उदाहरण जॉन ह्यूस्टन यांचे. दुसऱ्या महायुद्धातून मनाने खचून परतलेल्या सैनिकांच्या उपचारांवर त्यांनी खुद्द अमेरिकी सैन्यासाठी 'लेट देअर बी लाइट' हा पट १९४६ मध्ये पूर्ण केला. आणि सैन्यानेच तो १९८० च्या अखेरीपर्यंत जनतेस पाहू दिला नाही. रडणारा, तोतरे बोलणारा, चालण्याची शक्ती गमावलेला सैनिक यजमानास नको होता.

आपल्या पटांतून काय गळते, ह्याचे एक उदाहरण परमवीरांतच शोधता येते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे मुंबई सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर त्यांनी काय केले? सुरुंग काढले, आडवी टाकलेली झाडे दूर केली, रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. तेही पहिल्याच दिवशी जखमी होऊन, आणि पुढचे तीन दिवस माऱ्याखाली. हे शौर्य रस्ता साफ करण्याचे आहे. सैन्यातील फार मोठे काम ह्याच जातीचे असते : पूल बांधणे, गाड्या दुरुस्त करणे, रसद पोहोचविणे, शेकडो माणसांचा स्वयंपाक, आणि वाट पाहणे. 'मार्फत ५६ ए. पी. ओ.' असा पत्ता ज्यांनी कधी पाकिटावर लिहिला असेल, त्यांना त्यातील मौन ठाऊक आहे. त्या पत्त्यात गाव नसते. पत्र लिहिणारी बाजू, म्हणजे घर, अनुबोधपटात बहुधा अखेरच्या समारंभापुरती येते.

भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष नोंदवावीशी वाटते. नाईक, हवालदार, सुभेदार हे शब्द मराठी राज्यकारभारात रुळलेले होते आणि भारतीय सैन्यात पदनामे म्हणून आजही चालू आहेत. प्रत्येकाचा अधिकार वेगळा, जबाबदारी वेगळी. निवेदनात मात्र ह्या सर्वांसाठी 'जवान' हा एकच शब्द येतो, आणि तो केवळ सैन्यापुरताही राहत नाही. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्यात ताडमेटल्याजवळ ७६ जण मारले गेले. ते, एक राज्य पोलीस वगळता, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. हे दल गृहमंत्रालयाच्या आधीन आहे. त्याची भरती, निवृत्तिवेतन, कामाचे स्वरूप सैन्याहून भिन्न आहे. स्वदेशातील वस्तीत, स्वदेशीयांमध्ये त्याला वावरावे लागते. रायपूरच्या रहिवाशास सर्वांत जवळचा सशस्त्र माणूस हाच. त्याच्यासंबंधी अनुबोधपट काढताना मात्र हिमालयातील चौकीचेच साचे वापरले जातात : शत्रू पलीकडे, आपण अलीकडे. बस्तरच्या रानात ही रेघ इतकी सरळ नाही, आणि तळाशेजारच्या गावकऱ्यास काय वाटते हे विचारण्याची जागा त्या साच्यात नाही.

हा प्रश्न केवळ रसग्रहणाचा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण रायपुरात सैन्यभरतीचे कार्यालय आहे, आणि तिकडे जाणाऱ्या मुलांनी फौज पाहिलेली असते ती पडद्यावरच. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती चार वर्षांसाठी होते, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम ठेवण्याची त्या योजनेत तरतूद आहे. म्हणजे शिक्षणाचे आठवडे, जे पटात भरभरून दिसतात, ते नोकरीचा आरंभ असतात. उरलेल्यांचे चौथे वर्ष संपते तो दिवस कॅमेऱ्यास आकर्षक नाही. ज्या घरात विचारण्यास निवृत्त सुभेदार आजोबा आहेत, तेथे मुलगा त्या दिवसाविषयी विचारू शकतो. चौबे कॉलोनीतील मुलाने कोणास विचारावे?

ह्यावर उपाय म्हणून सरकारी पटांवर बहिष्कार टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. सियाचिनवरील 'रिव्हील्ड' (२०१६) सारख्या पटाने थंडीत माणसाचे शरीर कसे झिजते, हे ज्या स्पष्टपणे दाखविले, ते शब्दांनी साधणे अवघड होते. पाहावयाचे ते असे की, चित्रण कोणाच्या निमंत्रणावरून झाले, बोलणारा माणूस कोणत्या हुद्द्याचा आहे, अधिकाऱ्यासमोर बोलतो आहे की एकटा, आणि निवेदन बंद करून पाहिले असता चित्रे काय सांगतात. शेवटची कसोटी कोणत्याही घरी करून पाहता येते. आवाज बंद केला की संचलनाखेरीज उरलेल्या दृश्यांत बहुतेक वेळा एक दमलेला तरुण मुलगा दिसतो, आणि तो कोणत्या प्रांतातला आहे हेही पुष्कळदा ओळखू येते.