चौदा महिन्यांचं फील्डवर्क आणि ग्रीनकार्ड

आई-वडिलांबरोबर ग्रीनकार्ड मिळालंय, अमेरिकेत पीएच.डी. चालू आहे आणि विषय आहे बीडचे ऊसतोड कामगार. असं असेल तर फील्डवर्कचं तिकीट काढायच्या आधी हे वाचा. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला व्हिसावाल्यांची काळजी असते, ग्रीनकार्डवाल्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

नागरिकत्वासाठी दोन वेगळी मापं आहेत, आणि सगळा घोळ ती एकच समजल्याने होतो. पहिलं प्रत्यक्ष उपस्थितीचं. अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने अमेरिकेत हवेत. ही निव्वळ दिवसांची बेरीज. निघालेला आणि परतलेला दिवससुद्धा धरतात. दुसरं माप सलग वास्तव्याचं. इथे बेरीज नाही, एकेका फेरीची लांबी बघतात. फेरी सहा महिन्यांहून मोठी पण वर्षाच्या आतली असेल, तर सलगता तुटली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. तिथली नोकरी सोडली नव्हती, घर ठेवलं होतं, घरचे तिथेच होते, असे पुरावे चालतात. पूर्ण वर्ष किंवा जास्त झालं की मात्र सलगता तुटलीच.

समजा तुम्ही १ ऑगस्ट २०१८ ला निघालात आणि १ ऑक्टोबर २०१९ ला परतलात. पाच वर्षांच्या १८२६ दिवसांतले सव्वाचारशे बाहेर गेले, म्हणजे उपस्थिती आरामात भरते. तरी अर्ज अडतो, कारण फेरी वर्षावर गेली. मग पुन्हा पाच वर्षं थांबायचं का? नाही, चार वर्षं आणि एक दिवस. २ ऑक्टोबर २०२३ ला मागची पाच वर्षं मोजली, तर त्या फेरीचा वर्षापेक्षा थोडा कमी भागच त्यात येतो. पण तो सहा महिन्यांहून जास्त असल्याने पुरावे द्यावेच लागतात. तेही नको असेल तर साडेचार वर्षं थांबा; २ एप्रिल २०२४ नंतर उरलेला तुकडा सहा महिन्यांच्या आत येतो.

'री-एन्ट्री परमिट काढलंय की!' हो, पण ते ग्रीनकार्ड सांभाळायला उपयोगी पडतं, ही सलगता नाही. सलगतेसाठी एन-४७० नावाचा वेगळा अर्ज असतो. तो मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधनसंस्थेच्या कामावर जाणाऱ्यांना लागू होऊ शकतो. त्याआधी ग्रीनकार्डावर एक अख्खं वर्ष एकही दिवस बाहेर न जाता राहिलेलं असावं लागतं. स्वतःच्या प्रबंधासाठी फेलोशिपवर निघालेला विद्यार्थी त्यात बसेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी वकिलाला विचारा.

आता प्रश्न उरतो तो संशोधनाचा. तोडणीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. पाच-पाच महिन्यांच्या दोन फेऱ्यांत दोन हंगाम बघता येतील आणि कागदोपत्री त्रासही कमी. पण मग पावसाळ्यात गावी परतलेली माणसं, मुकादमाची उचल, पुढच्या हंगामाची बोलणी, हे सगळं हुकणार. माझं मत विचाराल तर प्रबंधाचा मुद्दा त्या उचलीत असेल, तर सलग वर्ष काढा आणि पासपोर्ट उशिरा घ्या. फक्त गाईडबरोबर फील्डवर्कचं वेळापत्रक ठरवताना त्याच कागदावर अर्जाची तारीखही लिहून ठेवा.