शिरूर व दौंड तालुक्यांतील घोड्यांचा आहार आणि लसूणघासाच्या ठोकळ्यांची निवड

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचे घोड्याशी असलेले नाते जुने आहे. शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांची लष्करी छावणी होती आणि तेथे घोडदळाचा मुक्काम असे. याच तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावात 'पागा' हा शब्द आजही टिकून आहे. दौंडचा परिसर पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. भीमेच्या काठावरील तट्टे मराठा घोडदळात 'भीमथडी' या नावाने प्रसिद्ध होती. या जातीची आता राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे.

घोडदळाचा काळ सरला, तरी घोडा या भागातून नाहीसा झालेला नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबांचा संसार घोड्यांच्याच पाठीवर असतो. घाटातील बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे स्वारासह घोडी धावते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बंद पडलेल्या या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना अनुमती देणारा कायदा वैध ठरविला. त्यामुळे शर्यतीच्या घोडीला पुन्हा मागणी आली. अशा घोडीला काय खाऊ घालावे, हा प्रश्नही त्याबरोबर पुढे आला.

लसूणघास वाळवून, त्याचे तुकडे करून, दाबाखाली बनविलेले ठोकळे, ज्यांना व्यवहारात 'क्यूब' म्हटले जाते, ते या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून सुचविले जातात. हे ठोकळे कोणत्या घोड्याला द्यावेत, ते कसे पारखावेत आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थानिक आहार व त्यातील उणीव

दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. जिरायती भागात ज्वारीचा कडबा आणि कालव्याखालील भागात उसाचे वाढे ही येथील मुख्य वैरण होय. चंदी म्हणून हरभरा आणि गव्हाचा कोंडा देण्याची पद्धत आहे. ही वैरण गाईबैलांना मानवते, म्हणून ती घोड्यालाही तितकीच मानवेल असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक बरोबर नाही.

गाईच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव वाढ्यांमधील ऑक्झॅलेट या घटकाचे विघटन करतात. घोड्यात असे सूक्ष्मजीव मोठ्या आतड्यात असतात. कॅल्शियमचे शोषण मात्र त्याआधीच, लहान आतड्यात, होते. त्यामुळे ऑक्झॅलेटने बांधलेले कॅल्शियम घोड्याच्या उपयोगी पडत नाही. संकरित नेपियर गवतातही हा घटक बराच असतो. दुसऱ्या बाजूने, गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. कॅल्शियम कमी व स्फुरद जास्त अशी स्थिती दीर्घकाळ राहिल्यास शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते. प्रथम अस्पष्ट लंगडेपणा दिसतो, चाल आखडते, पुढे जबड्याची व चेहऱ्याची हाडे फुगतात आणि दात सैल होतात. पाश्चात्त्य देशांत पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा विकार आढळे, कारण त्यांना कोंडा मुबलक मिळे.

कॅल्शियम व स्फुरद यांचे गणित

घोड्याच्या संपूर्ण आहारात कॅल्शियम व स्फुरद यांचे प्रमाण साधारणतः दीडास एक ते दोनास एक असावे. ते एकास एक यापेक्षा खाली कधीही जाऊ नये. पुढील उदाहरणात सर्वसाधारण घटकप्रमाणे घेतली आहेत. प्रत्यक्ष नमुन्यानुसार त्यांत फरक पडेल.

सुमारे ३०० किलो वजनाच्या घोडीला रोज ५ किलो कडबा व २ किलो गव्हाचा कोंडा मिळतो असे समजू. कडब्यात कॅल्शियम ०.३ टक्के व स्फुरद ०.१ टक्का धरल्यास त्यातून १५ ग्रॅम कॅल्शियम व ५ ग्रॅम स्फुरद मिळते. कोंड्यात कॅल्शियम ०.१३ टक्के व स्फुरद १.१ टक्के धरल्यास त्यातून २.६ ग्रॅम कॅल्शियम व २२ ग्रॅम स्फुरद मिळते. एकूण कॅल्शियम १७.६ ग्रॅम आणि स्फुरद २७ ग्रॅम होते. या वजनाच्या, काम नसलेल्या घोडीची कॅल्शियमची दैनिक गरज सुमारे १२ ग्रॅम आहे. म्हणजे आकडा पुरेसा दिसतो, परंतु प्रमाण उलटे झालेले आहे.

आता १ किलो कोंडा कमी करून त्याजागी १ किलो लसूणघासाचे ठोकळे दिले तर काय होते ते पाहू. ठोकळ्यात कॅल्शियम १.३ टक्के व स्फुरद ०.२२ टक्के धरल्यास एकूण कॅल्शियम २९.३ ग्रॅम व स्फुरद १८.२ ग्रॅम होते. प्रमाण सुमारे १.६ ला १ येते. कोंडा व लसूणघास यांतील प्रथिनांत फारसा फरक नसल्याने प्रथिनांचे नुकसान होत नाही. लसूणघासातही काही ऑक्झॅलेट असते, पण कॅल्शियम इतके अधिक असते की त्याचा परिणाम जाणवत नाही. यावरून असे दिसते की या भागात लसूणघासाचे खरे मोल 'ताकदीचे खाद्य' म्हणून नसून बिघडलेला समतोल सुधारणारी वैरण म्हणून आहे.

कोणत्या घोड्याला किती

अंगावर पाजणारी घोडी आणि वाढीचे शिंगरू यांना ठोकळ्यांचा सर्वाधिक लाभ होतो. ५०० किलो वजनाच्या घोडीची कॅल्शियमची दैनिक गरज एरवी २० ग्रॅम असते, ती विण्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ५९ ग्रॅम होते. अशा घोडीच्या वैरणीत निम्म्यापर्यंत लसूणघास चालतो. शर्यतीच्या घोडीला तो जठराच्या दृष्टीनेही हितकर आहे, कारण त्यातील कॅल्शियम व प्रथिने जठरातील आम्ल सौम्य करतात. केवळ उभ्या असलेल्या, थोड्या खाद्यावर अंग धरणाऱ्या तट्टाला मात्र तो बेतानेच द्यावा. अशा जनावरात लठ्ठपणा व त्यातून खुरांचा दाह संभवतो. प्रथिने जास्त झाल्यास घोडा पाणी अधिक पितो, लघवी वाढते आणि पागेत अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो.

ठोकळ्यांची पारख

उत्तम ठोकळा हिरवट रंगाचा असतो आणि त्याला वाळल्या घासाचा ताजा वास येतो. हाताने मोडल्यावर त्यात पाने व काड्यांचे दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे दिसले पाहिजेत. बारीक दळून केलेल्या गोळ्यांमध्ये, म्हणजे पेलेटमध्ये, हे तंतू राहत नाहीत आणि घोड्याचे चर्वण कमी होते. गडद तपकिरी रंग व जळक्या साखरेसारखा वास हे वाळविताना उष्णता जास्त लागल्याचे लक्षण होय. अशा मालातील प्रथिनांचा काही भाग पचत नाही. पांढरी बुरशी, कुबट वास किंवा हाताला लागणारा ओलावा असल्यास ते पोते परत करावे.

पोत्यावरील तपशिलात आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत व प्रथिने १५ टक्क्यांच्या वर असावीत. कॅल्शियम व स्फुरद यांचे आकडे छापलेले नसल्यास विक्रेत्याकडून मागून घ्यावेत. घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. चार ठोकळे बादलीभर पाण्यात भिजवून, ते पूर्ण सुटल्यावर चोथा काढून घ्यावा आणि तळ पाहावा. तळाशी मातीचा वा वाळूचा थर जमल्यास तो माल घेऊ नये. वाळू पोटात साठून पोटशूळ होतो.

दुर्लक्षिले जाणारे धोके

पहिला धोका कारखान्यातील मिसळीचा आहे. मोनेन्सिन हे औषध कुक्कुटखाद्यात व काही पशुखाद्यात वापरले जाते. गाईला किंवा कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना घातक ठरते. घोड्याच्या शरीराच्या दर किलो वजनामागे अवघे दोन-तीन मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. म्हणून ज्या यंत्रावर औषधयुक्त खाद्य बनते, त्याच यंत्रावर घोड्यांचे ठोकळे बनतात काय, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलाच पाहिजे. युरिया मिसळलेले, गाईंसाठीचे ठोकळे घोड्यापासून दूर ठेवावेत.

दुसरा धोका कापणीच्या वेळी घासात सापडलेल्या प्राण्यांचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोलोरॅडो राज्यात तयार झालेल्या लसूणघासाच्या ठोकळ्यांबाबत इशारा दिला. अनेक राज्यांतील घोडे बॉट्युलिझम या विषबाधेने आजारी पडले व चाळीसहून अधिक दगावले. मृत प्राण्याचे अवशेष ठोकळ्यात दाबले गेल्यास त्यांत हे विष तयार होऊ शकते. ठोकळ्यात केस, कातडे वा हाड दिसल्यास ते पूर्ण पोते बाजूला काढावे.

तिसरा धोका फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचा आहे. त्यांच्या अंगातील विष भुंगेरा मेल्यानंतर वाळल्या घासातही टिकते व घोड्याच्या आतड्याला व मूत्रमार्गाला इजा करते. ठोकळ्यात भुंगेरा ओळखू येत नाही. म्हणून फुलोऱ्यापूर्वी कापलेल्या घासाचा माल अधिक सुरक्षित समजावा, कारण हे भुंगेरे फुलांकडे आकर्षित होतात.

खाऊ घालण्याची रीत

कोरडा ठोकळा घाईने गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकतो. म्हातारे, दात झिजलेले व अधाशी घोडे यांत हा प्रकार विशेष घडतो. त्यामुळे एक भाग ठोकळ्यांस दोन भाग पाणी घालून अर्धा ते एक तास भिजवावे व ठोकळा बोटाने सहज फुटतो याची खात्री करून मगच द्यावा. शिरूर-दौंडच्या उन्हाळ्यात भिजविलेले खाद्य लवकर आंबते, म्हणून एका वेळेपुरतेच भिजवावे आणि उरलेले टाकून द्यावे.

नवीन खाद्य एकदम सुरू करू नये. सात ते दहा दिवसांत मात्रा हळूहळू वाढवावी. ठोकळे सुरू केले म्हणून लांब वैरण बंद करू नये. चघळण्यास काही न मिळालेला घोडा दावणीचे लाकूड कुरतडू लागतो. एकूण वैरण, कोरड्या वजनात, शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का असावी. ३०० किलोच्या घोडीसाठी हे प्रमाण साडेचार किलो येते.

किमतीचा विचार

कालव्याच्या पाण्यावर ज्यांच्याकडे घास उभा आहे, त्यांनी ठोकळे विकत घेण्यापूर्वी हिशेब करावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी येथील आर. एल. ८८ हे बहुवर्षायू वाण राज्यात परिचित आहे. पहिली कापणी सुमारे ५० ते ५५ दिवसांनी व पुढील कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने मिळतात. हिरव्या घासात कोरडा भाग सुमारे २० टक्के व ठोकळ्यात ९० टक्के असतो. म्हणजे १ किलो ठोकळे हे साधारणतः साडेचार किलो हिरव्या घासाबरोबर होतात. हिरवा घास किलोला ४ रुपये पडतो असे समजल्यास ठोकळ्याची तुल्य किंमत १८ रुपये येते. त्याहून अधिक दिला जाणारा पैसा हा साठवण, वाहतूक व उन्हाळ्यातील उपलब्धता यांचे मोल होय. स्वतःचा घास असलेल्याने तो सुकवून वापरणे श्रेयस्कर आहे. वाडा हलता ठेवणाऱ्या मेंढपाळाला किंवा घास नसलेल्या जिरायती गावातील घोडीच्या मालकाला मात्र थोड्या जागेत मावणारा ठोकळा उपयुक्त ठरतो.

निष्कर्ष

शिरूर व दौंड तालुक्यांत घोड्याच्या आहारातील मुख्य दोष वैरणीच्या कमतरतेपेक्षा कोंडा व वाढे यांवरील भिस्तीत आहे. लसूणघासाचे ठोकळे हा त्यावरचा एक सोयीचा उपाय आहे. त्यांची निवड पोत्यावरील चित्रावरून किंवा किमतीवरून न करता कॅल्शियमचे प्रमाण, तंतूंची लांबी, स्वच्छता आणि ते कोठे व कशाबरोबर तयार झाले या चार गोष्टींवरून करावी. ठोकळे वाढविताना कोंडा कमी केला नाही, तर खर्च वाढूनही आहाराचा दोष पुरता दूर होत नाही. घोडी लंगडते तेव्हा खुराबरोबर तिच्या तोबऱ्यातील चंदीही तपासणे, ही पशुपालकाने लावून घेण्याजोगी सवय होय.