आकाशांतील ठिपक्यास आकार कसा येतो?

३ जुलै १९८८ रोजीं इराणच्या आखातावर 'व्हिन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेनें एक इराणी प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलें. त्यांतील २९० जीव हकनाक गेले. या अनर्थास कारणें अनेक झालीं. त्यांपैकीं एक असें कीं, नौकेवरील रडार विमान कोठें आहे हें दाखवी, परंतु तें कसें आहे हें दाखवीत नसे. हा उणेपणा कसा भरून काढतां येतो, तें आज पाहूं.

रडार रेडिओलहरी सोडतें व त्यांचा पडसाद परतण्यास लागलेला वेळ मोजतें. सेकंदाच्या दशलक्षांश भागांत पडसाद परतला, तर वस्तु १५० मीटर दूर असते. १ गिगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा वापरला असतां १५ सेंटिमीटर मागेंपुढें असलेले भागही वेगळे ओळखूं येतात.

ही झाली लांबी. आडवी बाजू कळते ती विमानाच्या वळण्यामुळें. वळतांना त्याचा एक पंख आपल्याकडे येतो, दुसरा दूर जातो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी व दूर जाणारीची उतरती ऐकूं येते. तसाच फरक या पडसादांत पडतो. डॉप्लर या शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडलेला हा नियम येथें उपयोगीं पडतो.

तथापि हें चित्र सपाटच! तांब्याची भिंतीवरील सावली पाहा. दिवा बाजूला धरला, तर गळा दिसतो. वर धरला, तर जमिनीवर नुसतें वर्तुळ. एका सावलीवरून तांब्या ओळखणें कठीण. म्हणून कांहीं मैलांच्या अंतरानें अनेक रडारें ठेवून तीं एकमेकांस जोडतात. विमानाच्या एकाच बिंदूचें अंतर तीन ठिकाणांहून कळलें, म्हणजे त्याचें स्थान लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मितींत निश्चित होतें. असे अनेक बिंदु जुळवून विमानाचा सांगाडा उभा राहतो.

यांत दोन अडचणी आहेत. एका केंद्रास चकाकणारा भाग दुसऱ्यास कदाचित् दिसतच नाहीं. म्हणून कोणता पडसाद कोणत्या भागाचा, हें गणितानें जुळवावें लागतें. शिवाय सर्व केंद्रांचीं घड्याळें एक असावीं लागतात. सेकंदाच्या अब्जांश भागांत लहर ३० सेंटिमीटर धांवते. तेवढी चूकही चित्र विसकटून टाकते.

या रीतीनें प्रवासी विमान व लढाऊ विमान यांतील भेद आकारावरून कळूं शकतो. परंतु आकार कळला म्हणजे हेतु कळला असें नव्हे. तो निवाडा माणसालाच, आणि तोही सावधपणें, करावा लागतो.